सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस: वडिलांना द्यावा की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 66 वर्षांचे, नऊ वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू. तीन महिन्यांपूर्वी कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सकाळी उपाशीपोटी 'कडू' सुरू केलं. आधी मेथीचं पाणी, मग पेलाभर कारलं-दुधीचा रस, त्यावर गुळवेलीचा काढा आणि फिरून येताना कडुनिंबाची आठ-दहा पानं. हल्ली अकराच्या सुमाराला हात थरथरतात, दरदरून घाम येतो, चिडचिड होते. ते म्हणतात, "अंगातली घाण निघतेय." तुम्हाला कळेना की हे थांबवावं की चालू ठेवावं, कारण कडू गुणाचं असतं हे तर लहानपणापासून ऐकलंय.

आधी घाईचं सांगतो, बाकीचं नंतर निवांत वाचा. अकरा वाजता निघते ती घाण नाही, साखर उतरते. निदान तसा दाट संशय आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात नाश्ता पुरेसा नसला की ती साखर फार खाली नेऊ शकते, आणि वरून कारल्याचा रस तिच्या मदतीला धावतो. पुढच्या वेळी थरथर सुटली की ग्लुकोमीटरवर साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि वर आली की पोळी किंवा भात असं काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उद्यापासून रस बंद. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिल्यात त्यांना हा सगळा सकाळचा कार्यक्रम जसाच्या तसा सांगा. लाजून लपवला तर ते बिचारे गोळीचा डोस उगाच खालीवर करत बसतील.

आता कडूविषयी. मी चिपळूणला 27 वर्षं वैद्यकी करतोय आणि माझ्या औषधांच्या कपाटातला मोठा भाग कडूच आहे. त्यामुळे मी कडूच्या विरोधात बोलतोय असं वाटून घेऊ नका. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे कडू नेहमी थोडं आणि कुणाच्या तरी संगतीने घ्यायची रीत होती. पेला भरून, नुसतं, बारा महिने घ्यायची नव्हती.

कोकणातली आणि गोव्यातली दिवाळी आठवा. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट (छोटं रानटी कडू फळ) चिरडायचं, 'गोविंदा गोविंदा' म्हणायचं, आणि त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा. आमची आजी एकेकाला धरून जीभ बाहेर काढायला लावायची. नुसता स्पर्श, पण तेवढ्यानेही फराळाचा पहिला घास लागेपर्यंत तोंड वाकडं. दुसरं कडू चैत्रात. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं आणि फुलं, त्यात गूळ, ओवा, जिरं, मिरी, हिंग, मीठ, चिंच, कुणाकडे भिजवलेली हरभऱ्याची डाळ. वाटून सुपारीएवढी गोळी. म्हणजे वसंताच्या तोंडावर एक कडू आणि शरदात एक. आयुर्वेदाची ऋतुचर्या हेच सांगते. वसंतात कफ पातळ होतो, शरदात पित्त उसळतं, आणि कडू रस कफ-पित्त दोन्हींना आवर घालतो. शरदातल्या आहारात वाग्भटाने कडू रसाचं नाव पहिलं घेतलंय. सण आणि शास्त्र इतके जुळलेले क्वचितच सापडतात. पण मात्रा बघा: एकीकडे जिभेला लागलेलं बोट, दुसरीकडे गुळात मुरलेली सुपारी.

एक गंमत सांगतो, कारण हा घोळ पुष्कळांचा होतो. ग्रंथात 'कटु' लिहिलेलं असतं ते आपलं कडू नव्हे. संस्कृतात कटु म्हणजे तिखट, आणि कडूला म्हणतात तिक्त. खात्री हवी तर त्रिकटू चाखा. सुंठ, मिरी, पिंपळी, तिघांत कडू कोणीच नाही. उलट पंचतिक्तातले निंब, पटोल, गुळवेल, अडुळसा, रिंगणी हे पाचही कडूजहर. 'कटु रस मधुमेहाला चांगला' असं कुठेतरी वाचून कारलं पिणारे मला भेटलेत.

चरकाने तिक्त रसाची गंमत एका वाक्यात पकडलीय: तो स्वतः रुचकर नाही, पण अरुची घालवतो. तापातून उठलेल्या माणसाला वरणभातही नको होतो, तेव्हा चमचाभर कडू काढा दिला की दोन दिवसांत भूक लागते. हे मी असंख्य वेळा पाहिलंय. जिभेला कडू लागलं की लाळ सुटते, मागोमाग पोटातले स्राव जागे होतात. म्हणून अशा औषधाची चव जिभेला लागू द्यायची असते. कॅप्सूलमध्ये भरून गिळलं तर जिभेकडून मिळणारा हा इशाराच जातो.

आजच्या विज्ञानाने यात चांगली भर घातलीय. कडू ओळखणाऱ्या ग्राहींचं (रिसेप्टरचं) कुटुंब 2000 साली सापडलं. माणसात अशा सुमारे 25 ग्राही आहेत, गोडासाठी मात्र एकच जोडी. कारण उघड आहे. वनस्पती स्वतःला वाचवायला विष तयार करते आणि ते बहुधा कडू असतं, म्हणून जीभ पहारेकरी झाली. या ग्राही फक्त जिभेवर नाहीत, आतड्यात आणि श्वासनलिकेतही आहेत. आतड्यातल्या ग्राही भूक आणि साखर सांभाळणाऱ्या संप्रेरकांना हलवतात का, यावर काम चालू आहे. माणसांवरचे निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत.

कडू सगळ्यांना सारखं लागत नाही हेही लक्षात घ्या. 1931 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ एक पावडर बाटलीत भरत होता. ती उडाली, शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून ओरडला, फॉक्सला मात्र काहीच चव लागली नाही. त्यातून कळलं की असा फरक जन्मजात असतो. लहान मुलांची जीभ तर कडूला आणखी तीव्रपणे प्रतिसाद देते. तेव्हा घरातलं पोर कारल्याला नाक मुरडत असेल तर लाड म्हणून रागावू नका.

आता तुमच्या वडिलांच्या चार गोष्टी एकेक घेऊ.

मेथीपासून सुरुवात करतो, कारण या चौघांत तिच्यामागचा पुरावा बरा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत 1990 च्या आसपास मधुमेहींवर मेथीचे प्रयोग झाले. त्यांत साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही खाली आले. पण मात्रा किती? एका प्रयोगात तेल काढलेली मेथीची पूड दिवसाला 100 ग्रॅम, तीही दोन जेवणांत मिसळून. काहींत 25 ग्रॅम. एक चमचा मेथी म्हणजे जेमतेम 4 ते 5 ग्रॅम. आणि गुण येतो मुख्यतः दाण्यातल्या बुळबुळीत तंतूमुळे. तो आतड्यात जेल तयार करतो आणि साखर हळूहळू शोषली जाते. तुमचे वडील रात्री दाणे भिजवतात, सकाळी पाणी पितात आणि दाणे कुंडीत टाकतात. हे आमरस फेकून कोय चोखण्यासारखं झालं. पाणी नको, दाणे खा. मोड आणून उसळ करा, मोडामुळे कडूपणाही कमी होतो. किंवा पूड कणकेत मळा. सुरुवातीला चमचाभरच, नाहीतर पोट फुगून गॅस होईल. मेथी आणि गोळ्या यांत दोन तास अंतर ठेवा, कारण तो तंतू गोळीचं शोषणही लांबवू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र विचारल्याशिवाय मेथीचा मारा नको. (मेथी जास्त खाल्ली की घामाला काकवीसारखा गोडसर वास येतो. घाबरू नका, तो मेथीतल्याच एका द्रव्याचा आहे.)

कारलं. त्यात साखर उतरवणारी द्रव्यं आहेत, हे खोटं नाही. चॅरन्टिन आणि इन्सुलिनसारखं वागणारं एक पॉलिपेप्टाइड ही त्यातली दोन. पण माणसांवर परिणाम किती? थायलंडमध्ये 2011 साली एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला. दिवसाला 2000 मिलिग्रॅम वाळलेलं कारलं चार आठवडे दिलं, साखर थोडी उतरली, पण 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी. 2012 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले आणि मधुमेहावर कारलं लागू पडतं असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असं ठरवलं. म्हणजे भाजी म्हणून उत्तम, गोळीची जागा घ्यायला कच्चं. आणि पेलाभर रसाला चार-पाच कारली लागतात. इतकी कारली जेवणात कोणी खात नाही. माप सुटतं ते इथे. गर्भवतीने हा रस घेऊ नये. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे त्यांनी कारल्याच्या बियांपासून लांब राहावं, त्यातल्या व्हिसिनमुळे तांबड्या पेशी फुटू शकतात.

पण तुमच्या वडिलांच्या रसातलं मला सर्वात जास्त भीती वाटणारं कारलं नाही, दुधी आहे.

दुधी गोडा असतो. एखादा मात्र कडू निघतो, बाहेरून अगदी तसाच दिसणारा. त्यात क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं साठलेली असतात. ती काकडी-दुधी-कारीट या साऱ्या कुळात थोडीफार असतात. आपण लागवडीत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती घालवलीत, तरी पाण्याचा ताण पडला किंवा रानटी जातीशी संकर झाला की उसळतात. असा रस प्यायल्यावर थोड्याच वेळात उलट्या, पोटात कळा, जुलाब, कधी रक्ताची उलटी, आणि रक्तदाब कोसळणं. त्यावर उतारा नाही, फक्त सलाइन आणि देखरेख. देशात यामुळे माणसं दगावली, म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर सगळा टाकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. मिसळू नका का, ते तुमच्या घरात दिसतंय. कारल्याच्या रसात कडू दुधी मिसळला तर कळणार कसं? पहारेकऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं आहे हे. भाजीचा दुधी कडू निघाला तरी तेच. शिजवल्याने विष जाईल या भरवशावर राहू नका. 'पैसे दिलेत' म्हणून कडू दुधीची भाजी संपवणारी माणसं पाहिलीत मी, आणि मग रात्री सलाइन लावायला पळापळ करणारीही.

गुळवेल. इथे मला माझ्याच घरातलं उणं सांगावं लागेल. 2020 मध्ये साथीच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: गुळवेल घेत असताना कावीळ, यकृताला सूज, आणि काहींत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांमधून 43 रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते. आक्षेपात तथ्य आहे. पण मी वैद्य म्हणून त्याआड लपणार नाही. मीही वर्षानुवर्षं गुळवेल दिली, अजूनही देतो, मात्र दोन-तीन आठवड्यांसाठी, कारण असेल तेव्हाच. थायरॉइडचा किंवा संधिवाताचा आत्मघाती प्रतिकारशक्तीचा आजार असेल, किंवा यकृताचा आधीचा त्रास असेल, तर देत नाही. तुमचे वडील तीन महिने रोज घेतायत, म्हणून रस बंद करताना काढाही बंद करा आणि रक्त तपासताना एसजीपीटी ही यकृताची तपासणी करून घ्या. लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा.

कडुनिंबाच्या पानांविषयी मोठं भांडण नाही. चैत्रातली कोवळी पालवी चार-दोन पानं, तीही काही दिवस. जून पानं वर्षभर चावत राहणं नको. कडुनिंबाचं तेल मात्र पोटात कधीही घेऊ नका, मुलांना तर मुळीच नाही. हे तेल पाजल्यावर लहान मुलांना झटके आणि यकृत-मेंदूचा जिवावरचा आजार झाल्याची नोंद 1981 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आली होती.

अति कडूचं काय होतं, हेही चरक सांगून गेलाय: तो रूक्ष आहे, रसापासून शुक्रापर्यंत शरीराचे सातही धातू सुकवतो, शक्ती कमी करतो, वात वाढवतो. तुम्ही लिहिलंय की वडिलांचं वजन उतरलं, बद्धकोष्ठ झालं, झोप उडाली, आणि ते याला गुण आला म्हणतात. साठीनंतर शरीर मुळात वाताकडे झुकलेलं असतं. त्यात असं कोरडं कडू ओतलं की हेच होणार. म्हणूनच आमच्याकडे पंचतिक्ताचं घृत करतात, म्हणजे कडू तुपातून देतात. बाळंतिणीला मेथी देतात ती तूप-गुळाच्या लाडवातून. पाडव्याच्या निंबाला गूळ. तूप-साखर लावूनही कारलं कडूच राहतं असं म्हण सांगते, खरंय, पण ते सोसवतं, हा मुद्दा म्हणीत राहून गेला. मधुमेहींसाठी गूळ चिमूटभरच ठेवायचा. तुपाच्या फोडणीला हरकत नाही.

मग कडू खायचंच नाही का? उलट, जास्त प्रकारचं खा, फक्त ताटात. रायगडकडचं कडव्या वालाचं बिरडं आहे. पावसाळ्यात भारंगीचा पाला मिळतो, तो उकळून पाणी काढून टाकायचं आणि कांदा-खोबरं घालून परतायचा. कुड्याच्या शेंगा आणि फुलं आहेत. मेथीची पालेभाजी तर बारा महिने. मेतकुटातही मेथी असते, मऊ भातावर तुपाबरोबर मुलं ती नकळत खातात. कारल्याला मीठ चोळून पिळून घेतलं की 'सत्त्व गेलं' म्हणून हळहळणारे असतात. थोडं जातं, जाऊ दे. पिळलेलं कारलं आठवड्यातून दोनदा आनंदाने खाल्लं जातं, न पिळलेलं एकदाच.

एक बाजाराचं सांगतो. कोकणात 'किराईत' मागितलं की दोन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. पालेकिराईत आपल्या परसात उगवतं, काडेचिराईत हिमालयातून येतं. दोन्ही तापावरची, दोन्ही भयंकर कडू, पण वनस्पती वेगळ्या आणि मात्रा वेगळी. कुटकीही हिमालयातलीच, आणि जंगलातून इतकी ओरबाडली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत. त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या कुटकीच्या चूर्णाकडे जरा संशयाने बघा, आणि अशी मुळं स्वतः ठरवून घेऊ नका.

वडिलांना सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न असावा, कारण बंद करा म्हटलं की ते चिडतील. बंद करा म्हणू नका. मोजू या म्हणा. आठ दिवस रस आणि काढा थांबवून, गोळ्या आणि नाश्ता वेळेवर घेऊन, सकाळी उपाशीपोटी आणि अकरा वाजता साखर मोजा आणि वहीत लिहा. थरथर थांबली तर ती कशाची होती ते त्यांना त्यांच्याच वहीत दिसेल. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. तोवर दुपारच्या जेवणात भरली कारली करा, दाण्याचं कूट, खोबरं, धणे-जिरं, चिंच आणि नखाएवढा गूळ घालून. आणि दुधी आणलाच, तर चिरल्यावर पहिला तुकडा तुम्ही चाखा, त्यांच्यावर सोपवू नका. तीन महिने कारल्याचा रस प्यायलेल्या जिभेला थोडं कडू आता कडू वाटणार नाही.